मुलीच्या पहिल्या गाडीला किती हातभार लावावा? कर्ज कोणाच्या नावावर, गाडी कोणाच्या नावावर?

गोदाकाठचा_मिस्त्री, नाशिक

मंडळी नमस्कार. मी एसटीच्या वर्कशॉपातून सव्वा वर्षापूर्वी रिटायर झालो. मेकॅनिक होतो, सगळं आयुष्य गाड्यांखाली गेलं पण घरात चारचाकी कधी आली नाही आणि सोसायटीचं सोडलं तर कर्जही कधी काढलं नाही. त्यामुळे इंजिनाचं काही विचारायचं नाहीये, पैशाचं विचारायचंय.

मुलगी २७ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. बीपीटी झाल्यावर दोनेक वर्षं एका हॉस्पिटलात नोकरी केली, आता स्वतःचं काम करते, पेशंटच्या घरी जाऊन. लकव्याचे पेशंट, गुडघे बदललेले, कंबर धरलेले. सकाळी म्हसरूळ, मग गंगापूर रोड, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी जेलरोड असं रोजचं चाळीस किलोमीटर स्कूटरवर होतं, पाठीला एक मशिन, पायाशी दुसरं. मागच्या पावसाळ्यात इथल्या द्वारका सर्कलजवळ स्कूटर घसरली, ढोपरं फुटली ती भरून आली पण मशिनमध्ये पाणी गेलं ते मशिन गेलंच. सिन्नर आणि ओझरकडचे पेशंट विचारतात त्यांना ती नाही म्हणते कारण रात्री हायवेला स्कूटरवर मीच जाऊ देत नाही. तेव्हा गाडी ही हौस नाही हे मला पटलेलं आहे, तो वाद नाही.

पैशाची बाजू अशी. पीएफ ग्रॅच्युइटीचे जे आले त्यातले १८ लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला टाकले, ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्याला ३६,९०० येतात. पेन्शन ३,४०० रुपये. मुलगी घरात ८ हजार देते. घर स्वतःचं आहे, भागतं. बँकेत ४ लाखांची एफडी वेगळी आहे, ती दवाखान्याला आणि धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या राहिलेल्या दोन वर्षांच्या फीला धरून ठेवलीय.

गाडीचं कोटेशन आणलं. एक्स शोरूम ५ लाख ८० हजार, आरटीओचा टॅक्स ११ टक्क्यांनी ६३,८०० त्यावर सेस, इन्शुरन्स ३२ हजार, ॲक्सेसरीज १२ हजार, हँडलिंग म्हणून ६,५००, असं करत करत ६ लाख ९७ हजार. मुलीकडे साठवलेले १ लाख ६० हजार आहेत. कमाई सरासरी ४० हजार, पण पावसाळ्यात आणि दिवाळीत ३० वर येते.

शोरूममधला मुलगा म्हणाला काका मॅडमचा एकच आयटीआर (इन्कमटॅक्स रिटर्न) आहे, त्यांच्या नावावर लोन होणार नाही, गाडी आणि लोन दोन्ही तुमच्या नावावर घ्या, ५.७५ टक्के रेट लावून देतो, ५ लाख ४० हजार पाच वर्षं, हप्ता ११,५८८, गुढीपाडव्याला गाडी दारात. घरची मंडळी म्हणतात एफडी मोडा, पोरगी कोणासाठी राबते. मेहुणे म्हणतात ते पैसे लग्नाला ठेव, गाडी काय नवरा घेईल. त्यांचं बोलणं मला आवडलं नाही पण उत्तरही देता आलं नाही.

पोस्टातलं मोडू का, एफडी मोडू का, कर्जाला सही करू का, की तुझं तू बघ म्हणू? आणि गाडी नावावर कोणाच्या? ज्यांनी आपल्या पोरांसाठी हे केलंय त्यांनी सांगावं.

---

शाखा_क्रमांक_तीन, जळगाव

काका नमस्कार. मी सरकारी बँकेत आहे, बरीच वर्षं हीच लोन बघतो, थोडं लांब होईल पण वाचा.

पहिलं म्हणजे तो पावणेसहा टक्के डोक्यातून काढून टाका. खरंच पावणेसहा असता तर ५ लाख ४० हजारांचा पाच वर्षांचा हप्ता १०,४०० च्या आत आला असता. ११,५८८ येतोय म्हणजे तो फ्लॅट रेट आहे. तुम्ही निम्मं कर्ज फेडलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. उरलेल्या रकमेवर व्याज धरायची जी बँकेची रीत आहे तिच्यात बसवलं तर हाच रेट साडेदहाच्या आसपास जातो. तो मुलगा खोटं बोलला असं नाही, त्याने अर्धं सांगितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचंच आहे, त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद हातात आल्याशिवाय कुठेही सही करू नका.

पोस्टातल्या पैशाला हात लावू नका. एक वर्ष झालंय, दोन व्हायची आहेत, आत्ता बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का जातो, १८ लाखांवर २७ हजार. त्यातले थोडेच काढतो म्हटलं तर तसं होत नाही, खातंच बंद करावं लागतं. आणि तो तुमचा महिन्याचा किराणा आहे.

एफडी मोडायची पण गरज नाही, एफडीवर कर्ज मिळतं, साधारण ९० टक्क्यांपर्यंत, एफडीच्या व्याजापेक्षा एखादा टक्का जास्त दराने, त्याला ना जामीन ना गाडीवर बोजा. हे सगळ्यात स्वस्त पडतं. पण ते कर्ज तुमच्या नावावर होतं. मुलीने पाच वर्षं इमानाने हप्ते भरले तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तिच्या नावापुढे काहीच दिसणार नाही. उद्या ती क्लिनिक टाकणार असेल, मशिन घेणार असेल, तेव्हा बँक पहिलं तेच बघणार.

म्हणून माझं मत, कर्ज मुलीच्याच नावावर. एक रिटर्न आहे ही अडचण खरी आहे, स्वतःचा धंदा असला की बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचे मागतात. पण काका, एप्रिल लागला की या वर्षाचा रिटर्न भरता येतो ना. पाडवा जाईल, मे मध्ये गाडी येईल, पावसाच्या आधीच. दोन महिन्यांसाठी पाच वर्षांचं कर्ज चुकीच्या नावावर कशाला. तोवर पेशंटचे सगळे पैसे तिच्या एकाच खात्यात येऊ द्या, यूपीआयने आले तर उत्तम, रोख आले तरी भरून टाकायचे, म्हणजे स्टेटमेंट बघितलं की कमाई दिसते.

सहकर्जदार आणि जामीनदार यातला फरक लोक विचारत नाहीत. सहकर्जदार म्हणजे कर्ज पहिल्या दिवसापासून तुमचंही. जामीनदार म्हणजे तिने भरलं नाही की तुमचं. दोन्हीकडे ते तुमच्या सिबिलवर दिसतं, हप्ता चुकला तर दोघांचाही स्कोअर पडतो.

मुदतीचंही सांगतो. शोरूमवाले सात वर्षं सुचवतील कारण हप्ता लहान दिसतो. ५ लाख ४० हजार ९ टक्क्यांनी धरले तर पाच वर्षांचा हप्ता ११,२१० आणि एकूण व्याज १ लाख ३२ हजार. सात वर्षांचा हप्ता ८,६८८ आणि व्याज जवळपास १ लाख ९० हजार. आणि सहाव्या सातव्या वर्षी गाडी बॅटरी, टायर, क्लच मागायला लागते हे तुम्हाला मी काय सांगणार. फ्लोटिंग, म्हणजे मधे बदलू शकणाऱ्या रेटचं घ्या, मधे पैसे भरले तर दंड नसतो, फिक्स्डला बऱ्याच ठिकाणी असतो. महिलांना व्याजात थोडी सवलत काही बँका देतात, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

---

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

दादा, मी पुतण्याच्या गाडीला जामीन राहिलो होतो. पोरगा चांगला, कष्टाळू, टुरिस्टचा धंदा करायचा. २०२० ला लॉकडाऊन लागला आणि गाडी अंगणात उभी राहिली. त्याने फसवलं नाही, त्याच्याकडे नव्हतेच. नोटीस माझ्या घरी आली तेव्हा आईने वाचली, तिला वाटलं घर जातंय. तीन दिवस जेवली नाही. शेवटी मी ७० हजार भरले, ते गेले त्याचं वाईट वाटत नाही पण त्यानंतर भाऊ माझ्या नजरेला नजर देत नाही, सण आला की काहीतरी कारण काढून येत नाही, ते आजपर्यंत आहे.

तुम्हाला सही करू नका असं म्हणत नाही, पोटची पोर आहे. पण सही करायच्या आधी एक करा, सहा हप्ते तुम्हाला तुमच्या खिशातून भरायला लागले तर कुठून भराल ते आजच ठरवा आणि ते पैसे बाजूला ठेवा. ते जमणार नसेल तर सही करू नका. आणि मुलीला हे समोर बसवून सांगा. आम्ही घरात पैशाचं कधी बोललोच नाही, सगळं प्रेमाने गृहीत धरलं.

---

रंकाळ्यावरची_संध्याकाळ, कोल्हापूर

काका, गाडी कोणाच्या नावावर या प्रश्नाला मी उत्तर देते कारण ते मी भोगलंय.

माझी पहिली गाडी आप्पांच्या नावावर घेतली होती. मी नोकरीला लागून सहाच महिने झाले होते, बँकेने त्यांच्या नावावर कर्ज लगेच दिलं, हप्ते मात्र पहिल्यापासून मी भरले. आप्पा चार वर्षांनी गेले. त्यानंतर कळलं की कागदावर ती गाडी माझी नाहीच, ती आईची, माझी, दोन भावांची. गाडीमालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं, दुखवट्याच्या दिवसांत कोणाच्या लक्षात असतं. वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, बँकेचं पत्र. भावांनी सह्या दिल्या, प्रश्न तो नाही, पण मोठ्या वहिनींनी एकदा बोलता बोलता म्हटलं की आप्पांची गाडी तुला मिळाली. चार वर्षं मी हप्ते भरले होते हो. ते वाक्य मला अजून टोचतं.

आता २०२१ पासून आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नॉमिनीचं नाव घालता येतं, त्याने त्रास कमी होतो, पण मुळात ती चालवणार, ती फेडणार तर नाव तिचंच असू दे.

दुसरं इन्शुरन्सचं. पॉलिसीत मालक-चालक म्हणून १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मालकाला, आणि मालकाकडे लायसन्स असेल तर. गाडी तुमच्या नावावर, चालवणार ती, तर हायवेवर काही झालं, देव न करो, त्या विम्यातून तिला काही नाही. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, गाडीला नसतो, माणसाला असतो. तिच्या नावावर असेल तर तो तिच्याबरोबर पुढच्या गाडीला जाईल. उलट गाडीने कोणाला धक्का लागला तर कोर्टात नोटीस मालकाच्या नावाने येते, तिथे तुम्ही हजर राहणार का या वयात?

आणि मेहुण्यांना सांगा, नवरा घेईल ती नवऱ्याची गाडी. ही तिच्या कामाची गाडी आहे. डॉक्टर मुलाला बापाने दवाखाना काढून दिला तर त्याला कोणी लग्नाचे पैसे म्हणत नाही.

---

चाकण_बी_शिफ्ट, पुणे

काका तुम्ही स्वतः मेकॅनिक आणि नवी गाडी बघताय? तीन-चार वर्षांची जुनी घ्या, चार लाखांच्या आत येईल, पहिल्या मालकाने सगळ्यात मोठा भाव उतरवून झालेला असतो. तिचे १ लाख ६० हजार आणि थोडं तुमचं, कर्जच किती लागेल? पोरीचा हात पण बसायचाय, पहिला ओरखडा जुन्या गाडीवर पडलेला बरा.

फक्त कागद नीट बघा, आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ शिवाय पैसे द्यायचे नाहीत, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चलन बाकी आहेत का ते नंबर टाकून बघायचं आणि इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. जुन्या गाडीला कर्ज काढलंत तर व्याज नव्यापेक्षा चांगलंच जास्त लागतं तेवढं धरा.

---

गोदाकाठचा_मिस्त्री, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. जळगावचे साहेब, तुमचं वाचून मी कोटेशन परत काढलं, त्यावर बारीक अक्षरात फ्लॅट लिहिलेलं आहे. चष्मा लावून वाचलं होतं पण त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. कोल्हापूरच्या ताई, विम्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी आमच्याच नावावर घेऊन मोकळा झालो असतो. सातारकर, तुमचं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

चाकणवाले, जुन्या गाडीचा विचार मी सगळ्यात आधी केला होता आणि तीन गाड्या बघून पण आलो. सांगतो काय बघितलं, इतर कोणाला उपयोगी पडेल. गाडी बघायला सकाळी न सांगता जायचं, इंजिन थंड असताना स्वतः स्टार्टर मारायचा, आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीत दोष लपतो. मागे निळा धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघायचं, लोण्यासारखं पांढुरकं काही चिकटलेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्यायची. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी बघितलेली एक गाडी २०२१ ची, मीटरवर २२ हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२४ चे. २२ हजारांत टायर संपत नाहीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. दुसऱ्या गाडीचा सीटबेल्ट मुळापर्यंत ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्याला गाळाची रेघ, बुडालेली गाडी, वरून इतकी चकाचक की घरच्यांना तीच आवडली होती. तिसरी खरंच चांगली होती, एका शिक्षकांची, पण त्यांनी ती भाच्याला देऊन टाकली.

ठरवताना मात्र मी दुसऱ्याच गोष्टीला अडलो. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ ला, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर, आणि आता बऱ्याच छोट्या गाड्यांत सहा येतात. पोरगी रात्री नऊला सिन्नरहून एकटी येणार, मोहदरी घाट उतरून. वर्कशॉपात मी अपघाताच्या गाड्या उघडलेल्या आहेत, आत काय असतं ते बघितलेलं आहे. तिथे माझा हिशोब थांबतो. शिवाय सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला त्यामुळे नव्या जुन्यातलं अंतर पण कमी झालंय. म्हणून नवीच, पण खालचं मॉडेल.

पेट्रोल की सीएनजी यावर घरात बोलणं चाललंय. सीएनजीला आरटीओचा टॅक्स पण पेट्रोलपेक्षा कमी बसतो, पण डिकीत सिलिंडर आला की तिच्या मशिनच्या बॅगा कुठे ठेवायच्या.

---

स्नायू_आणि_सांधे, पुणे

काका मी पण फिजिओ आहे, सात वर्षं होम व्हिजिट करतेय कोथरूड, वारजे, बावधन भागात, चार वर्षांपूर्वी गाडी घेतली, तेव्हा मुलीसाठी लिहिते, तिला वाचायला द्या.

हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नाही हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. रोजचे ४० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, हजार किलोमीटरच्या वर. शहरात १७ चं ॲव्हरेज धरलं तर ६० लिटर पेट्रोल, शंभराच्या वरचा भाव, म्हणजे सहा हजारांच्या पुढे. स्कूटरला हेच अडीच हजारांत होत होतं. त्यात पुढच्या वर्षीच्या इन्शुरन्सचे आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला दोन हजार बाजूला काढायचे. हप्ता ११ हजार असेल तर सगळं मिळून १९ हजार झाले, कमाई ४० आणि पावसाळ्यात ३०. घरचे ८ हजार द्यायचे. मग तिच्या हातात काय राहिलं? ज्या महिन्यात दोन पेशंट बरे होऊन बंद होतात, आणि बरे होणं हेच तर आपलं काम आहे, त्या महिन्यात पोटात गोळा येतो. म्हणून हप्ता तिने चांगल्या महिन्याच्या कमाईवर नाही, वाईट महिन्याच्या कमाईवर ठरवावा. माझ्या मते तिला ८-९ हजारांच्या वर जाऊ देऊ नका, त्यासाठी जी मदत करायची ती डाउन पेमेंटला करा, हप्त्याला नको. हप्त्याला बापाचा हात लागला की तो सुटत नाही.

आणि गाडी आली म्हणजे कमाई आपोआप वाढत नाही. मी लांबचे पेशंट घ्यायला लागले आणि तास रस्त्यात गेले. जमलं केव्हा, तर एका भागातले पेशंट एका दिवशी असे लावले, आणि लांबच्या व्हिजिटला जास्त पैसे सांगायला लागले. सिन्नरला एकासाठी जाऊ नये, तीन जमले की आठवड्यातले ठराविक वार द्यावेत.

स्कूटर विकू नका. अजिबात विकू नका. पंचवटीच्या, जुन्या नाशिकच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही, आणि नव्या सोसायट्यांत वॉचमन बाहेरची गाडी आत घेत नाही. मी अजून अर्धे पेशंट दुचाकीवरच करते, गाडी पावसात, रात्री आणि मशिन असतं तेव्हा. त्याने पेट्रोलही आटोक्यात राहतं, मग सीएनजीच्या मागे लागायची गरज पडणार नाही.

एक करून बघा. आत्तापासून गाडी येईपर्यंत तिने दर महिन्याला १२ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, हप्ता आणि जादाचं पेट्रोल समजून, आणि त्याला हात लावायचा नाही. हप्ते भरायची रंगीत तालीम. जमलं तर ते पैसे डाउन पेमेंटला जातील, नाही जमलं तर वेळेत कळेल. माझ्या वडिलांनी माझ्याकडून हेच करून घेतलं होतं आणि तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

---

शाखा_क्रमांक_तीन, जळगाव

वरच्या ताईंनी लिहिलेलं माझ्या अख्ख्या उत्तरापेक्षा मोलाचं आहे. भर एवढीच, तुम्ही मुलीला जे द्याल ते खात्यातून खात्यात द्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर तिला इन्कमटॅक्स नाही, रक्कम कितीही असो. पण परत घेण्याच्या बोलीवर देणार असाल तर २० हजार किंवा वरची रक्कम रोखीत उसनी द्यायची नसते, घरातल्या घरात पण. आणि भेट आहे की उसने आहेत ते आजच एका कागदावर लिहा. धाकटा मुलगा आहे म्हणालात, त्याच्यासाठी पण.

हँडलिंगचे ६,५०० देऊ नका, ते द्यायचं बंधन नाही, पावतीवर कशाचे ते लिहून मागा म्हणजे निघून जातात. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायचा हेही बंधन नाही, दोन ठिकाणचे भाव काढा. मात्र पॉलिसी एक वर्षाची स्वतःच्या गाडीची आणि तीन वर्षांची थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) अशीच असणार, नव्या गाडीला २०१८ पासून तीच पद्धत आहे.

---

गोदाकाठचा_मिस्त्री, नाशिक

काल रात्री जेवणं झाल्यावर चौघं बसलो. मी पहिल्यांदा पोरांसमोर सगळे आकडे ठेवले, पोस्टातले किती, एफडी किती, महिन्याला येतात किती. मुलीला माहीतच नव्हतं की माझी पेन्शन ३,४०० आहे. तिला वाटत होतं एसटीतून रिटायर झाले म्हणजे वीसेक हजार असेल. थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली पप्पा एफडीला हात लावायचा नाही. मी म्हटलं तुझ्या भावाच्या फीची बाजूला काढून आणि दवाखान्याची ठेवून जे राहतात ते माझे आहेत आणि ते मला द्यायचेत. तुझ्या शिक्षणाला मी सोसायटीचं कर्ज काढलं तेव्हा तू विचारलं नव्हतंस, आता पण विचारू नको.

शेवटी असं ठरलं. मी ७५ हजार देणार, भेट म्हणून, परत घ्यायचे नाहीत, धाकट्याला कमाईला लागल्यावर त्याच्या गरजेला तेवढेच. तसं वहीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मुलगी तालमीचे १२ हजार या महिन्यापासूनच टाकणार, तीन महिन्यांचे ३६ होतील. ॲक्सेसरीज नको, हँडलिंग नको, इन्शुरन्स बाहेरून, सीट कव्हर मी स्वतः बसवतो. मिळून कर्ज ४ लाखांच्या जवळ येतंय, ९ टक्क्यांनी पाच वर्षं धरले तर हप्ता साडेआठ हजारांच्या आत. रिटर्न एप्रिलमध्ये. पेट्रोलच. स्कूटर राहणार. लायसन्स तिने चार वर्षांपूर्वी काढलंय पण हात बसलेला नाही, मित्राची जुनी गाडी आहे ती घेऊन रोज सकाळी सहाला तपोवनाकडे नेतो आहे. आज तिसरा दिवस, क्लच अजून झटक्यात सोडते.

मेहुण्यांना फोन केला. कोल्हापूरच्या ताईंचं दवाखान्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले बघ बाबा तुझं तू, पण फोन ठेवताना कुठला रंग घेणार विचारलं.

साहेब एकच विचारायचं राहिलं. मी जामीनदार म्हणून सही केली आणि दोन वर्षं तिचे हप्ते वेळेवर गेले तर मधे माझं नाव काढून घेता येतं का?

---

शाखा_क्रमांक_तीन, जळगाव

सहजासहजी नाही काका. बँकेने मान्य केलं तरच, आणि बँक बदली जामीनदार मागते. कर्ज फिटेपर्यंत ती सही राहते असंच धरून चाला.

म्हणून अर्ज आधी तिच्या एकटीच्या नावाने टाका. दोन रिटर्न, वर्षभराचं स्वच्छ स्टेटमेंट, चार लाखांची मागणी आणि गाडीच्या किमतीतले एवढे पैसे स्वतःचे भरलेले, माझ्या शाखेत आला असता तर मी जामीन मागितला नसता. बँकेने मागितलाच तर मग सही, आपणहून पुढे करू नका. आणि कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला तिला आठवण करा, पैसे फिटले की लोक तेवढंच विसरतात.

---

गोदाकाठचा_मिस्त्री, नाशिक

समजलं. तसंच करतो. मे मध्ये काय झालं ते इथेच कळवतो.